जीवशास्त्रातील प्रबंध-संशोधन

जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, परंतु स्वतःच्या जबाबदारीवर केलेले संशोधन आणि पदवीसाठी विद्यापीठाला सादर केलेला त्याचा लिखित वृत्तान्त या दोहोंना मिळून प्रबंध-संशोधन म्हणतात. एम.एस्सी.साठी लिहिल्या जाणाऱ्या वृत्तान्तास लघुप्रबंध, तर पीएच.डी.साठीच्या वृत्तान्तास प्रबंध किंवा शोधप्रबंध ही नावे मराठीत रूढ आहेत. अमेरिकी पुस्तकांत ‘ग्रॅज्युएट स्टुडंट’ असा उल्लेख येतो, तेव्हा तो आपल्याकडील पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याचा नसून पदव्युत्तर विद्यार्थ्याचा असतो. भाषांतरांत या शब्दाची हमखास गल्लत होते. प्रस्तुत लेखात मुख्यतः पीएच.डी.च्या प्रबंधाचा विचार केला आहे.

इतर विज्ञानशाखांतील प्रबंधांहून जीवशास्त्रातील प्रबंध एका बाबतीत वेगळा पडतो. त्यातील संशोधनाची वस्तू सजीव असते. ती आपल्या गतीने वाढते, ऋतूंप्रमाणे वागते, अकाली मरते, आणि एकाच जातीचे दोन जीवदेखील तंतोतंत सारखे नसतात. प्रबंधाला लागणारा काळ, प्रयोगाची रचना आणि निष्कर्षाच्या मर्यादा या तिन्ही गोष्टी या एका वस्तुस्थितीतून ठरतात.

पार्श्वभूमी

विद्यार्थ्याने नवे ज्ञान निर्माण करावे व त्यावरून त्याला पदवी द्यावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांत रुजली. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८७६ पासून ती नेटाने राबवली. तेथील प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कीथ ब्रुक्स यांच्या विद्यार्थ्यांत एडमंड विल्सन आणि टॉमस हंट मॉर्गन हे दोघे होते. मॉर्गन यांनी १८९० मध्ये ‘समुद्री कोळी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संधिपाद प्राण्यांवर पीएच.डी. मिळवली. ज्या फळमाशीमुळे पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तिचा त्या प्रबंधाशी काही संबंध नव्हता.

विल्सन यांचे कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थी वॉल्टर सटन यांनी नाकतोड्याच्या पेशींतील गुणसूत्रांचे निरीक्षण करून १९०२ व १९०३ मध्ये दोन निबंध लिहिले. मेंडेलचे आनुवंशिक घटक गुणसूत्रांवर वाहून नेले जातात हा विचार त्यांत मांडलेला आहे. सटन यांनी प्राणिशास्त्रातील पीएच.डी. मात्र पूर्ण केली नाही. ते वैद्यकाकडे वळले आणि शल्यविशारद झाले. पाठ्यपुस्तकात अढळ स्थान मिळवणारे काम आणि पदवी देणारा प्रबंध या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदतातच असे नाही.

‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ

प्रबंध हे ‘स्वतंत्र संशोधन’ असावे असे सर्व विद्यापीठांचे नियम सांगतात, आणि संशोधन आपले स्वतःचे असल्याचे प्रतिज्ञापत्र विद्यार्थी प्रबंधाच्या आरंभी जोडतो. हे स्वातंत्र्य म्हणजे एकट्याने काम करणे नव्हे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत उपकरणे सामाईक असतात, पेशींचे वाण किंवा बियाणे दुसऱ्याकडून आलेले असते आणि प्रश्नही पुष्कळदा मार्गदर्शकाच्या मोठ्या प्रकल्पाचा एक तुकडा असतो. अमुक प्रयोग का केला, नियंत्रक गट असाच का निवडला, हाती आलेल्या आकड्यांतून किती म्हणता येते आणि कोठे थांबावे लागते, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याला स्वतःला देता येणे हा स्वातंत्र्याचा खरा अर्थ आहे. प्रश्न दुसऱ्याने सुचवला म्हणून काम परावलंबी ठरत नाही. उलट, विषय स्वतः निवडूनही प्रयोगाचा प्रत्येक टप्पा दुसऱ्याला विचारून पार पाडला असेल, तर ते काम स्वतंत्र म्हणणे कठीण आहे.

कॉर्नेल विद्यापीठातील हॅरिएट क्रायटन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. विद्यार्थिनी म्हणून त्या आल्या तेव्हा बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी त्यांना मक्याच्या नवव्या गुणसूत्रावरील एक प्रश्न सोपवला. जनुकांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांच्या तुकड्यांचीही प्रत्यक्ष अदलाबदल होते का, असा तो प्रश्न होता. या गुणसूत्राच्या एका टोकाला सूक्ष्मदर्शकातून दिसणारी गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या गुणसूत्राचा जोडला गेलेला तुकडा. या दोन दृश्य खुणांच्या दरम्यान दाण्याचा रंग आणि दाण्यातील पिठाचा प्रकार ठरवणारी जनुके होती. त्यामुळे दाण्यांत दिसणारा बदल आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा बदल एकमेकांशी ताडून पाहता येत होता.

अडचण होती ती मक्याची. इथाका येथील हवामानात त्याचे वर्षाला एकच पीक येते, आणि पहिल्या पिकातून मिळालेली रोपे फार थोडी होती. आणखी एका हंगामाची वाट पाहण्याचा दोघींचा विचार होता. १९३१ मध्ये कॉर्नेलला आलेल्या मॉर्गन यांनी हे काम पाहिले आणि जमलेल्या माहितीवरच ताबडतोब निबंध पाठवण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो प्रसिद्ध झाला. जर्मनीत कुर्ट स्टर्न हेच फळमाशीवर सिद्ध करण्याच्या बेतात आहेत हे मॉर्गन यांना ठाऊक होते, आणि स्टर्न यांचा निबंध खरोखरच थोड्या काळाने आला. फळमाशीची एक पिढी दहा-बारा दिवसांत पुरी होते. मक्याला वर्ष लागते. एक हंगाम थांबले असते, तर तेच काम उशिरा आलेले दुसरे काम ठरले असते.

विषय, जीव आणि कालावधी

यावरून प्रबंधासाठी जीव निवडणे हा केवळ आवडीचा प्रश्न नाही हे ध्यानात येईल. एश्चेरिकिया कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. थेल क्रेस ही मोहरीच्या कुळातील प्रयोगशाळेतली लाडकी वनस्पती सहा ते आठ आठवड्यांत बी देते, तर उंदराची पिढी सुमारे दहा आठवड्यांची असते. तीन ते सहा वर्षांत पदवी पुरी करायची असेल, तर या आकड्यांचे गणित आधी मांडावे लागते. सह्याद्रीतील कारवी साधारणतः सात वर्षांतून एकदा फुलते. तिच्या परागीभवनावर प्रबंध लिहू पाहणाऱ्याच्या वाट्याला नोंदणीच्या संपूर्ण काळात फार तर एक बहर येतो, आणि तोही हुकू शकतो. असा विषय घेऊ नये असे नाही. मात्र एकाच झुडपाच्या बहरावर सारा प्रबंध टांगून ठेवण्याऐवजी वेगवेगळ्या साली फुलणारी ठिकाणे शोधणे, जुन्या वनस्पतिसंग्रहांतील नमुन्यांच्या तारखा पाहणे, किंवा जोडीला दुसरी वनस्पती घेणे, अशी तजवीज पहिल्याच वर्षी करावी लागते.

विषय बदलणे हा दोष मानला जातो, पण तो सरसकट दोष नव्हे. पुण्याचे माधव गाडगीळ हार्वर्डला गेले ते माशांवर काम करण्यासाठी. तेथे ते गणिती परिसरशास्त्राकडे वळले आणि १९६९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. सजीवाने आपली शक्ती प्रजननावर कोणत्या वयात किती खर्च करावी, या प्रश्नावर विल्यम बॉसर्ट यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये लिहिलेला निबंध आजही या शाखेत पायाभूत मानतात.

एका तळ्याचा प्रबंध

प्रबंधाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही रेमंड लिंडमन यांच्या कामात एकत्र पाहायला मिळतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात विद्यार्थी असताना त्यांनी गाळाने भरत आलेल्या सीडर बॉग या लहानशा तळ्याचा सुमारे पाच वर्षे अभ्यास केला. शेवाळ, पाणवनस्पती, सूक्ष्म प्राणी, कीटकांच्या अळ्या आणि मासे यांचे नमुने गोळा करण्याच्या कामात पत्नी एलिनॉर यांची त्यांना साथ होती. १९४१ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

तोवर तळ्याचा अभ्यास म्हणजे त्यातील जातींची यादी आणि त्यांच्या संख्येची नोंद असे. लिंडमन यांनी निराळा प्रश्न विचारला: सूर्याकडून आलेली ऊर्जा या तळ्यात एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर किती पोहोचते? प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणातून तयार केलेला निबंध त्यांनी ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पाठवला. सरोवरशास्त्रातील दोन जाणत्या परीक्षकांनी तो नाकारण्याची शिफारस केली. इतका व्यापक सिद्धान्त मांडण्याइतकी माहिती अजून जमलेली नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. येल विद्यापीठातील जॉर्ज एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे लिंडमन तेव्हा संशोधन करत होते. हचिन्सन यांनी संपादकांना पत्र लिहून निबंधाची बाजू मांडली, आणि संपादक टॉमस पार्क यांनी परीक्षकांचे मत बाजूला ठेवून तो स्वीकारला. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये तो छापून आला. तो पाहायला लिंडमन नव्हते. यकृताच्या आजाराने २९ जून १९४२ रोजी, वयाची सत्तावीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे निधन झाले होते.

आपल्या शालेय व महाविद्यालयीन पुस्तकांत लिंडमन यांचे नाव ‘दहा टक्के नियमा’ला जोडलेले असते. त्यांच्या निबंधात असा सरळ नियम सापडत नाही. सीडर बॉग तळ्यात त्यांनी काढलेली कार्यक्षमता उत्पादकांसाठी ०.१० टक्के, प्राथमिक भक्षकांसाठी १३.३ टक्के आणि द्वितीयक भक्षकांसाठी २२.३ टक्के अशी चढत जाणारी होती. ‘सुमारे दहा टक्के’ हे पुढे झालेले सुलभीकरण आहे. परीक्षेत ते लिहायला हरकत नाही, पण मूळ आकडे पाहिले की एका विद्यार्थ्याने हाताने जमवलेल्या नोंदी किती खडबडीत असतात आणि तरीही किती सांगून जातात हे समजते.

पुनरावृत्तीचा प्रश्न

परीक्षकांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मोजकी तळी पाहून सर्व तळ्यांविषयी बोलता येते का, हा प्रश्न जीवशास्त्रातील प्रत्येक प्रबंधापुढे कोणत्या ना कोणत्या रूपात उभा राहतो. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये त्याची एक बाजू उलगडून दाखवली. समजा, एका विद्यार्थ्याने दोन तळी घेतली. एकात खत टाकले, दुसऱ्यात टाकले नाही, आणि प्रत्येकातून पाण्याचे वीस-वीस नमुने तपासले. कागदावर हे चाळीस नमुने दिसतात. प्रत्यक्षात खत मिळालेले तळे एकच आहे आणि न मिळालेलेही एकच. दोन तळ्यांत खताशिवाय इतर शेकडो फरक असू शकतात आणि नमुने कितीही वाढवले तरी ते फरक वेगळे काढता येत नाहीत. हर्लबर्ट यांनी याला जे नाव दिले त्याला मराठीत आभासी पुनरावृत्ती म्हणता येईल. त्यांनी तपासलेल्या १७६ प्रायोगिक अभ्यासांपैकी २७ टक्के अभ्यासांत हा दोष होता, आणि ते नवशिक्यांचे नव्हे तर प्रसिद्ध झालेले अभ्यास होते.

प्रयोगशाळेतही हेच घडते. एकाच बशीतील पेशींची तीनदा केलेली मोजणी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एकाच पिलावळीतील दहा उंदीर म्हणजे दहा स्वतंत्र उंदीर नव्हेत. हा दोष प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्राने दुरुस्त होत नाही. म्हणून संख्याशास्त्रज्ञाकडे जायची वेळ आकडे जमल्यानंतरची नसून पहिले बी पेरण्यापूर्वीची असते. पेशींच्या वाणांबाबत आणखी एक धोका आहे. वेगवेगळ्या ऊतींचे म्हणून वापरले जाणारे अनेक वाण प्रत्यक्षात ‘हेला’ या एकाच कर्करोगपेशींच्या वाणाने दूषित झाल्याचे स्टॅनली गार्टलर यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. बाटलीवरची चिठ्ठी खरी आहे की नाही हे तपासणे तेव्हापासून संशोधकाच्या कर्तव्याचा भाग झाले.

मार्गदर्शक

प्रबंधाचे बरेवाईट विद्यार्थ्याच्या बुद्धीइतकेच मार्गदर्शकावर आणि त्याने उघडलेल्या किंवा बंद ठेवलेल्या दारांवर अवलंबून असते. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी) यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संस्थेचे तत्कालीन संचालक चं. वें. रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला, तेव्हा त्यांना अटींवर प्रवेश मिळाला. एक वर्ष त्यांचे नाव नियमित विद्यार्थी म्हणून लागणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करायचे होते आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यायचे नव्हते. मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात राखून न ठेवणारे होते. त्यांच्या हाताखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करून कमलाबाईंनी १९३६ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केली. पुढे संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही उघडली.

केंब्रिजला त्यांना प्रथम डेरेक रिक्टर यांच्याकडे जागा मिळाली, आणि ते अन्यत्र गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे. वनस्पतींच्या श्वसनावर काम करताना बटाट्याच्या ऊतींतून त्यांना सायटोक्रोम सी या श्वसनसाखळीतील प्रथिनाचा माग लागला, आणि ते वनस्पतींच्या पेशींत सर्वत्र असते असे त्यांनी मांडले. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. सुमारे चौदा महिन्यांच्या कामानंतर सादर केलेला हा प्रबंध टंकलिखित अवघ्या चाळीस पानांचा होता. जाडीवरून प्रबंधाची योग्यता ठरवण्याची आपल्याकडील सवय पाहता हा आकडा मुद्दाम नोंदवण्याजोगा आहे.

भारतातील नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.विषयी नवे विनियम जारी केले. त्यांनुसार अभ्यासक्रमासह किमान कालावधी तीन वर्षे व कमाल सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणीने दोन वर्षांपर्यंत वाढ मिळते. महिला आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. विद्यार्थिनींना मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. एका वेळी प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार विद्यार्थी घेता येतात. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही पूर्वीची सक्ती या विनियमांत नाही. त्या सक्तीमुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले होते, हे लक्षात घेता तिचे जाणे योग्यच म्हणावे लागेल. मात्र अनेक संस्थांनी स्वतःच्या अटी ठेवल्या आहेत आणि नोकरीच्या बाजारात प्रसिद्ध निबंधांची विचारणा होतेच.

नियमांतील वर्षांचा आणि पाठ्यवृत्तीच्या वर्षांचा मेळ बसत नाही. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती दोन वर्षे व त्यापुढील वरिष्ठ पाठ्यवृत्ती धरून एकूण पाच वर्षे चालते; १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा अनुक्रमे ३७,००० व ४२,००० रुपये आहे. एक पावसाळा कोरडा गेला, शीतकपाट बंद पडून नमुने नासले किंवा परवानगी रखडली, तर सहावे वर्ष विनावेतन काढावे लागते. घरची परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध बहुधा याच वर्षी अडतो.

परवानग्या हा स्वतंत्र विषय आहे. अभयारण्यात जाऊन अभ्यास करण्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वनविभागाची परवानगी लागते. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेतील प्राणी नैतिकता समितीची आणि मानवी नमुन्यांसाठी मानवी संशोधनाच्या नैतिकता समितीची पूर्वसंमती आवश्यक असते. जैविक साहित्य संशोधनासाठी परदेशी पाठवायचे असल्यास जैवविविधता अधिनियम, २००२ लागू होतो. संमतीपूर्वी गोळा केलेली माहिती प्रबंधात वापरता येत नाही. म्हणून हे अर्ज प्रयोगांच्या आराखड्याबरोबरच तयार करणे श्रेयस्कर.

लेखन, परीक्षण आणि जतन

प्रबंधाची प्रकरणे सामान्यतः प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, साहित्य व पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा या क्रमाने येतात. लिहिली मात्र या क्रमाने जात नाहीत. पद्धतीचे प्रकरण प्रयोग चालू असतानाच लिहावे, कारण कोणते द्रावण किती तीव्रतेचे होते हे चार वर्षांनी कोणालाही आठवत नाही. तारीखवार, शाईने लिहिलेली आणि फसलेल्या प्रयोगांसह ठेवलेली नोंदवही हा प्रबंधाचा खरा पाया. पुढे एखाद्या आकड्याविषयी शंका निघाली, तर विद्यार्थ्याच्या बाजूने साक्ष देणारी तीच एक गोष्ट असते. वाङ्‌मयचौर्यासंबंधीच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले जाते, त्यापुढे वाढत्या शिक्षा आहेत आणि साठ टक्क्यांवर नोंदणी रद्द होते. संगणक शब्दांचे साम्य मोजतो. बनावट आकडे ओळखणे त्याच्या आवाक्यातले नाही. ते काम परीक्षकांचे आहे.

प्रबंध मार्गदर्शकाखेरीज संस्थेबाहेरील किमान दोन तज्ज्ञ तपासतात, आणि त्यानंतर मौखिक परीक्षा होते. स्वीकृत प्रबंधाची प्रत गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात ठेवली जाते व ती कोणालाही विनामूल्य वाचता येते. जीवशास्त्राच्या प्रबंधाला याखेरीज एक वस्तुरूप पुरावाही असतो. ज्या वनस्पतीवर किंवा कीटकावर काम केले, तिचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात, उदाहरणार्थ पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेच्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहात जमा करून त्याचा क्रमांक प्रबंधात देतात. पुढे जातीचे नाव बदलले किंवा ओळख चुकलेली निघाली, तरी तो वाळलेला नमुना काढून पुन्हा पाहता येतो. विद्यार्थ्याला नवीच जाती सापडली असेल, तर तिला केवळ प्रबंधात नाव देऊन भागत नाही. वनस्पतिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार, १९५३ पासून पदवीसाठी सादर केलेला प्रबंध हे, तसा स्पष्ट उल्लेख त्यात नसल्यास, प्रभावी प्रकाशन मानले जात नाही. नियतकालिकात वर्णन छापून येईपर्यंत शास्त्राच्या दृष्टीने त्या वनस्पतीला नाव नसते.